कापड कुठवर दिसायचं

दादा आणि धाकटा एकमेकांशी बोलत नव्हते, पण गप्पही बसत नव्हते. त्यामुळे त्या सकाळी सगळा भार ताईवर आला होता.

"ह्याला सांग, शिडाच्या दोऱ्या मी काल तपासल्यात," दादा चहाच्या कपात बघत म्हणाला.

"त्याला सांग, मी ऐकलं," धाकटा म्हणाला. "आणि हेही सांग, तपासल्या म्हणजे काही उपकार नाही केले."

"मी कुणाला काही सांगणार नाही," ताई म्हणाली. "मी आज रजेवर आहे."

फेरीबोटीच्या तिकीट-खिडकीत बसून तिनं आयुष्यभर ह्या किनाऱ्याच्या वस्तू त्या किनाऱ्याला पोहोचवल्या होत्या. विसरलेल्या छत्र्या, औषधांच्या पुड्या, नवऱ्यांचे निरोप, सासवांचे टोमणे. आता माहेरच्या स्वयंपाकघरात बसूनही तेच काम करायचं म्हणजे अती झालं. वहिनी शेगडीपाशी पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती. दीर आणि नवरा यांचं हे बोलणं तिला रोज फुकटात ऐकायला मिळत होतं.

भांडणाचं मूळ जुन्या धक्क्याला बांधलेलं होतं. बाबांची शिडाची होडी. घरात तिला सगळे 'थोरली' म्हणत, कारण ती दादाच्याही आधीची. फेरीबोट सुरू व्हायच्या आधी ह्या किनाऱ्याची माणसं, टपाल, कोंबड्या, शिवणयंत्रं, सगळं थोरलीतून पलीकडे जाई. फेरीबोट आल्यावर माणसं तिकडे गेली, पण बाबांनी थोरली सोडली नाही. आठवड्यातून एकदा तरी ते तिला पलीकडे नेऊन आणत, कुणी बरोबर असो नसो. बाबा गेले आणि ती धक्क्याला नुसती उभी राहिली. तळाशी पाणी साचू लागलं. दादा फेरीबोटीचा कप्तान. दिवसभर इंजिनाच्या घरघरीत उभा राहून तो संध्याकाळी थोरलीतलं पाणी उपसायला जायचा, आणि सकाळी ते पुन्हा भरलेलं असायचं.

तेव्हा धाकट्यानं पलीकडच्या एका हॉटेलवाल्याशी परस्पर बोलून टाकलं. होडी हॉटेलच्या बागेत छपराखाली ठेवायची, रंग द्यायचा, निगा राखायची. दादाला हे कळलं ते त्या हॉटेलवाल्याच्याच तोंडून, फेरीबोटीवर, उतारूंच्या देखत. "कप्तान, तुमची म्हातारी आता आमच्याकडे राहायला येणार म्हणे!" दादानं भोंगा वाजवायचा नव्हता तिथं वाजवला, आणि त्या दिवसापासून धाकट्याशी अबोला धरला. ताईला दादाचं पटत होतं. थोरलीत कुंड्या ठेवलेल्या तिला बघवल्या नसत्या. आणि धाकट्याचंही पटत होतं, कारण कुजून बुडण्यापेक्षा कुंड्या बऱ्या. दोघांचंही पटतं, हीच तिची लहानपणापासूनची पंचाईत होती.

आजची शेवटची खेप कशी करायची हे मात्र ठरवावं लागलं नव्हतं. नेहमीसारखीच. दादा सुकाणूवर, धाकटा शिडाच्या दोरीवर, ताई मधल्या फळीवर, आणि आई धक्क्याच्या टोकाला कापड धरून. परत यायचं ते दुपारच्या फेरीबोटीनं.

तेवढ्यात आई आतल्या खोलीतून बाहेर आली. पायांत बाहेर जायचे बूट, अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल, खांद्याला पिशवी.

"मी पण येतेय," ती म्हणाली.

"धक्क्यावर ना?" दादानं विचारलं.

"धक्क्यावर रोजच जाते. होडीत येतेय."

दादाचा कप बशीवर जरा जोरात टेकला. धाकट्यानं ताईकडे बघितलं, ताईनं दादाकडे, आणि महिनाभरात पहिल्यांदाच दादानं धाकट्याकडे.

"आई, तुला बोट लागते," ताई म्हणाली.

"बोट लागते. होडी कुठं लागते? ते त्या डिझेलच्या वासानं होतं."

"डॉक्टरांनी तुला उन्हात..."

"डॉक्टरांनी मला फिरायला सांगितलंय."

"फळी ओली असते," धाकटा म्हणाला. "तुझा पाय घसरला म्हणजे?"

"लग्न होऊन मी त्याच फळीवरून उतरले, हातात ट्रंक घेऊन. तेव्हा तू नव्हतास सांगायला, म्हणून नाही घसरले." आईनं पिशवीत पाण्याची बाटली टाकली. "ती ज्या दिवशी मला घेऊन आली त्यानंतर मी तिच्यात पाय ठेवलेला नाही. आज ती जाणार. मला तिच्यातून एकदा बघायचंय."

"काय बघायचंय?" ताईनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"कापड," आई म्हणाली. "कसं दिसतं ते."

तिघांचंही धाबं दणाणलं.

कापड धरणं ही ह्या घराची रीत. आजोबांच्या काळात एकदा घरचे सगळे एकाच होडीतून निघाले आणि वादळात सापडले. होडी परतली नाही म्हणून आरडाओरडा करायला किनाऱ्यावर घरचं कुणीच नव्हतं. शोधाशोध सुरू झाली तोवर आजोबांचा भाऊ गेला होता. तेव्हापासून नियम झाला की होडी निघाली की घरातलं एक माणूस जमिनीवर राहायचं, आणि धक्क्याच्या टोकाला उभं राहून काठीला बांधलेलं रंगीत कापड धरायचं. काठी दगडांच्या फटीत खोचून ठेवायची नाही. खोचलेलं कापड म्हणजे नुसतं निशाण, हातात धरलेलं असलं म्हणजे मागे माणूस आहे. आई ह्या घरात आली आणि कापड तिच्याकडे गेलं ते गेलंच.

बाबा परत आले की होडी बांधायच्या आतच ती विचारायची, "दिसत होतं का?"

आणि बाबा म्हणायचे, "पार दीपस्तंभापर्यंत."

आता खरं काय ते सांगायला हवं. कापड दिसायचं नाही. दुसरा बोया, म्हणजे वाट दाखवणारं तरंगतं पिंप, मागे पडला की कापड सोडाच, धक्कासुद्धा दिसायचा नाही. आणि दीपस्तंभाचा खडक त्याच्याही पुष्कळ पुढे. पण बाबांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी कधीतरी नव्या बायकोला बरं वाटावं म्हणून एकदा 'पार दीपस्तंभापर्यंत' म्हणून टाकलं, आणि मग ते मागे घ्यायची सोय उरली नाही. पोरं मोठी झाली, होडीतून जाऊ लागली, तीही मान डोलवायला शिकली. एकदा बाबांना वाटलं, रोज तेच सांगितलं तर हिला संशय येईल, म्हणून ते म्हणाले, "आज जरा फिकं वाटलं." आई दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन भडक लाल कापड घेऊन आली. पुढे घरात लाल रंगाचं काही टिकलं नाही. पडदे कायम राखाडी राहिले, कारण बरं भडक कापड दिसलं की ते धक्क्यावर जायचं. आणि आई ते धरून उभी राहायची, उन्हात, वाऱ्यात, ताप असला तरी. होडीतून आपल्याकडे कुणी बघतंय ह्या भरवशावर.

तिघं मागच्या मोरीपाशी जमले. ताईनं नळ सोडून ठेवला, म्हणजे आवाज आत जाऊ नये.

"तिला नेता येणार नाही," दादा म्हणाला, आणि हे तो थेट धाकट्याला म्हणाला.

"मग काय सांगू तिला? तू सांग. तू थोरला ना?"

"मी कशाला? बाबांचा लाडका तू होतास."

"खोटं बोलायला त्यांनी तुलाच आधी शिकवलं!"

"हळू," ताई म्हणाली.

"वारा पडला म्हणून सांगू या," धाकटा म्हणाला. "फेरीबोटीमागे बांधून ओढत नेऊ."

"थोरलीला? दोर बांधून?" दादाचा चेहरा पडला. "त्यापेक्षा तू मलाच ओढत ने."

दोघं एकदम ताईकडे बघायला लागले. ही त्यांची जुनी खोड. लहानपणी खिडकीची काच फुटली तरी आधी ताईकडे बघायचे.

ताईनं नळाची धार थोडी वाढवली. बाबा गेल्यावर आईनं काही मागितलं नव्हतं. बाबांचे कपडे वाटून टाकताना तिनं एक शर्टही ठेवून घेतला नव्हता. आणि आज मागितलं ते हे. नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? आणि हो म्हणायचं तर तिला उभ्या आयुष्याचं उभं राहणं वाया गेलेलं दाखवायचं.

मागून वहिनीचा आवाज आला. "नळ बंद करा, टाकी रिकामी होईल. आणि सासूबाई विचारतायत, कापड कोण धरणार?"

हा प्रश्न तिघांच्याही ध्यानात आला नव्हता. आई बूट घालून दारात उभी होती.

"सूनबाई नाही धरणार," आई म्हणाली. "तिला नातवाला शाळेतून आणायचंय. तुमच्यातलंच एक जण राहील. मी पुष्कळ राहिले."

दादाशिवाय सुकाणू नाही, धाकट्याशिवाय शीड नाही आणि हॉटेलवाल्याशी बोलणारंही कुणी नाही. उरली ताई. तिनं सकाळपासून घातलेल्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघितलं. शेवटची खेप म्हणून तिनं ते माळ्यावरून शोधून काढले होते.

"मी राहते," ती म्हणाली. शक्य तितक्या सहज.

दादानंही त्या बुटांकडे बघितलं.

"तू जा," तो म्हणाला. "सुकाणू तू धर. मी राहतो."

"मी?"

"येत नाही असं म्हणू नकोस. मी काय होडीत आंधळा बसायचो?" मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि तिला दुसऱ्याच्या अंगणात सोडून पाठ फिरवायची, ते मला जमायचं नाही गं. इथून जाताना बघेन. तेवढं बस."

त्याला काठी आणून देताना आईनं कापडाची गाठ दोनदा ओढून पाहिली. "छातीशी धर," ती म्हणाली. "खांद्यावर घेतलीस तर हात भरून येईल."

"अगं, मी एवढी मोठी बोट चालवतो."

"ती इंजिन चालवतं."

सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे होता, थोरलीला आवडायचा तसा. धाकट्यानं शीड चढवलं. ते आधी नुसतं फडफडलं आणि मग भरलं, आणि होडी धक्क्यापासून सुटली तेव्हा कसला म्हणून आवाज झाला नाही. फेरीबोट सुटताना सगळा धक्का हादरतो. थोरली निघाली हे आपल्याला कळायचं ते फक्त दगडांमधलं अंतर वाढलं की, आणि ताईला ते इतक्या दिवसांनी पुन्हा कळलं तेव्हा तिला एकदम बाबांच्या सदऱ्याचा वास आला. दोरीचा, तेलाचा आणि खारट घामाचा. सुकाणूचा दांडा तळव्याखाली गुळगुळीत होता. त्यांच्याच हातांनी झालेला.

आई पुढे तोंड करून बसलीच नाही. ती मधल्या फळीवर उलटी बसली, मागे, धक्क्याकडे बघत. म्हणजे ताईच्या अगदी समोर. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते ताईला सगळं दिसणार होतं.

पहिला बोया मागे पडला तेव्हा कापड छान दिसत होतं. लाल, ताठ, आमच्याकडे बघा म्हणणारं, आणि त्याखाली दादा.

"बघ," आई म्हणाली. "घेतलीच खांद्यावर. ऐकायचं म्हणून नाही ह्याला." पण तिचा चेहरा उजळला होता. "बाई गं! एवढं चांगलं दिसतं? आणि वाऱ्यावर कसं तुमच्याकडेच उडतं."

"आई, तिकडे बघ, बर्फाचा कारखाना," धाकटा म्हणाला. "बंद पडला आता. गोदाम करणार आहेत म्हणे."

"करू देत."

"आणि समोर दीपस्तंभ बघ. नवा रंग दिलाय. वळून बघ तरी!"

"तू तुझी दोरी बघ. शीड ढिलं पडतंय."

ते खरंच ढिलं पडलं होतं. धाकट्यानं ओढून घेतलं आणि ताईकडे असहाय बघितलं. एरवी ऑफिसात दहा माणसांना गप्प बसवणारा हा माणूस, आईपुढे त्याला दोन विषय सुचेनात.

समोरून फेरीबोट येत होती. तिच्यावरच्या दादाच्या जोडीदारानं थोरलीला ओळखून लांबलचक भोंगा दिला, उतारू कठड्याशी येऊन हात हलवायला लागले. आईनं एकदाच हात वर केला आणि पुन्हा मागे बघू लागली. फेरीबोटीच्या लाटांवर थोरली जरा डुलली. ताईनं न ठरवता दांडा किंचित दाबला, होडी लाट अंगावर न घेता तिरकी चढली आणि उतरली.

कापड आता नखाएवढं झालं होतं.

दुसरा बोया जवळ येऊ लागला. ही जागा तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. मुलीच्या जातीनं सुकाणू धरलेलं आईला चाललं नसतं. जीव घाबरा व्हायचा तिचा. म्हणून बाबा इथवर काही बोलायचे नाहीत. मग एकदा मागे वळून बघायचे, कापड दिसेनासं झालं याची खात्री करायचे, आणि म्हणायचे, "ये, धर." ताई धडपडत फळ्या ओलांडून जायची. बाबांचा हात आधी तिच्या हातावर असायचा, मग नुसता जवळ, आणि मग ते सरळ पाय पसरून डोळ्यांवर टोपी ओढून झोपल्याचं सोंग घ्यायचे. तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तास ह्या बोयाच्या पुढे गेले होते. तिचं सुख जिथं सुरू व्हायचं ती हीच जागा, आईचं कापड संपायची. हे तिनं इतक्या वर्षांत कधी असं जोडून बघितलंच नव्हतं, आणि आता बघितलं तेव्हा तिला लाज वाटली.

दुसरा बोया मागे पडला.

आईनं डोळे बारीक केले. चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. पुढे वाकली. धक्का म्हणजे आता नुसती राखाडी रेघ होती, आणि रेघेच्या टोकाला काही नव्हतं. दीपस्तंभ अजून कितीतरी पुढे होता.

धाकटा दोरी धरून नुसता बसला होता. पाणी होडीला लागून चुळचुळ वाजत होतं.

"दिसतंय," आई म्हणाली.

तिला कुणी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "अजून दिसतंय."

"आई," धाकट्याचा आवाज फाटला. "आई, ते बाबांनी..."

"गप रे. गेलेल्या माणसाची चहाडी करू नये." ती रेघेकडेच बघत होती. मग तिनं एक मोठा श्वास घेतला आणि पाठ सरळ केली. "नजर मात्र फार चांगली होती हो तुझ्या बाबांची."

आणि ती हसायला लागली. आधी तोंडातल्या तोंडात, मग पदार्थ जळला की हसायची तशी, स्वतःवरच, पोट धरून. आईचा चष्मा भरून आला होता, तो हसून की कशानं हे विचारायची सोय नव्हती.

"केवढा गं लबाड माणूस," आई म्हणाली. "'आज जरा फिकं वाटलं'! आणि मी खुळी, बाजारभर फिरले लाल कापडासाठी. दुकानदार म्हणाला, बाई, एवढा भडक पडदा लावणार? म्हटलं, पडदा नाही, नवऱ्याला दाखवायचंय."

मग धाकटाही हसला, आणि ताईही, आणि हसता हसता ताईचे डोळे वाहायला लागले. तिनं ते पुसले नाहीत. एक हात दांड्यावर होता.

"तुला वाईट नाही वाटलं?" तिनं विचारलं.

"वाटलं की. आत्ताच वाटलं, ह्या तांबड्या पिंपापाशी." आईनं बोयाकडे हनुवटी केली. "पण मी तरी काय कमी होते? मला चष्मा लागला तेव्हापासून शीड कुठवर दिसायचं, सांगू? त्या बर्फाच्या कारखान्यापर्यंत. पुढे सगळं पाणीच पाणी. ते परत आले की मी आपली सांगायची, 'खडकाला वळसा घातलात तेव्हा शीड जरा कललं होतं हं.' ते म्हणायचे, 'अगदी बरोबर. तुझं बारीक लक्ष असतं.'"

"आणि शीड कललेलं असायचं?" धाकट्यानं विचारलं.

"ते तुम्ही सांगा. तुम्ही होतात होडीत."

दोघांनाही आठवेना. वळसा घालताना शीड कलतंच म्हणा.

आई बराच वेळ ताईच्या हाताकडे बघत राहिली. "हात सरावलेला दिसतो," ती म्हणाली. "फेरीबोटीची लाट काय झोकात चढवलीस तू मघाशी. हे कुठं शिकलीस?"

ताईनं मागे पडलेल्या बोयाकडे बघितलं.

"इथंच ना? मी दिसेनाशी झाले की?"

"हो," ताई म्हणाली. सांगून टाकल्यावर तिला हलकं वाटलं.

"म्हणजे मी काठी धरून उभी, आणि तिकडे हे पाय पसरून झोपलेले."

"सोंग घ्यायचे झोपेचं."

"सोंगाडेच होते," आई म्हणाली. मग ती उठली, धाकट्यानं पुढे केलेला हात बाजूला करून एक फळी ओलांडली आणि ताईच्या शेजारी येऊन बसली, पुढे तोंड करून. खांद्याला खांदा लावून. "चल आता. तो दीपस्तंभ जवळून दाखव मला. त्याच्याबद्दल एवढं खोटं बोललेय, बघू तरी कसा आहे."

ताईनं तिला खडकाच्या इतक्या जवळून नेलं की त्यावरचे शंख मोजता यावेत. वळसा घालताना शीड कललं. आईनं ते बघितलं आणि धाकट्याच्या पाठीवर थाप मारली.

पलीकडे फार काही बोलणं झालं नाही. हॉटेलवाला माणूस भला होता. त्यानं बागेतलं छप्पर दाखवलं, लाकडी ओंडके दाखवले, कुंड्या ठेवणार नाही असं धाकट्यानं दोनदा विचारल्यावर दोनदा सांगितलं. थोरलीला पाण्यातून वर ओढलं तेव्हा तिचा तळ कित्येक दिवसांनी सगळ्यांना दिसला, शेवाळलेला, ठिकठिकाणी ठिगळं मारलेला. त्यातलं दादाचं ठिगळ कुठलं ते धाकट्याला लगेच कळलं. तो तिथं हात ठेवून उभा राहिला. मग हॉटेलवाल्याला म्हणाला, "सुकाणूचा दांडा मी नेतो. तुम्ही दुसरं लाकूड लावा. बागेत कुणाला वळवायचंय तिला?"

दुपारच्या फेरीबोटीवर आई आत बाकावर गेली नाही. वर, उघड्यावर, कठड्याला धरून उभी राहिली. डिझेलचा वास तिला आला नाही, किंवा आला तरी तिनं सांगितलं नाही. धाकटा मांडीवर दांडा घेऊन बसला होता. दुसरा बोया आला, पहिला आला, बर्फाचा कारखाना आला, आणि ताईला जुन्या धक्क्याच्या टोकाला काहीतरी लाल दिसलं.

"हा अजून उभा आहे?" ती म्हणाली.

"शक्य नाही," धाकटा उठला. "वहिनीनं वाळत घातलं असेल काहीतरी."

आई कठड्यावरून पुढे वाकली. तिला चष्म्यातून काय दिसत होतं कोण जाणे.

उतरल्या उतरल्या ते तिघं जुन्या धक्क्यावर गेले. दादा होता. मान भाजून लाल झालेली, ओठ सुकलेले, आणि काठी छातीशी. खांद्यावर घेऊन हात भरून आला असणार, मग आईचं ऐकलं असणार. त्याच्या पायाशी वहिनीनं आणून ठेवलेला डबा तसाच होता, झाकण न उघडलेला. दोन्ही हात अडकले होते.

"अरे, तू दिवसभर?" ताई म्हणाली.

दादा वैतागलेला होता, पण आवाज वर नव्हता. "आई, कापड खाली कधी घ्यायचं ते तू सांगितलंच नाहीस. शीड दिसेनासं झालं, म्हटलं आता घ्यावं. मग वाटलं, नेमकं आत्ताच तुम्ही मागे बघत असाल तर? मग घेववेना. तू कधी घ्यायचीस?"

"घरी दूध उतू जायची वेळ झाली की," आई म्हणाली.

दादा तिच्याकडे बघतच राहिला.

धाकट्यानं दांडा पुढे केला. दादानं तो ओळखला.

"हात मोकळा नाही माझा," तो म्हणाला. थेट धाकट्याला.

"मग काठी इकडे दे. मी धरतो."

दादानं काठी दिली आणि दांडा घेतला. घेतल्यावर तो उगाच त्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग मान वर न करता, होडीत काय झालं ते काही माहीत नसलेला, आईपासून काय लपवायचं होतं ते पुरतं माहीत असलेला दादा हळूच म्हणाला, "दिसत होतं का?"

धाकट्यानं पाण्याकडे तोंड फिरवलं.

"पार दीपस्तंभापर्यंत," आई म्हणाली.

ह्या वाक्याला त्यानं ह्याच धक्क्यावर किती वेळा मान डोलवली होती याची गणती नाही. ते कुठून येतं आणि त्यात किती खरं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी त्यानं भाजलेली मान वर केली.

"खरंच?" त्यानं विचारलं.

आईनं काठीची गाठ सोडली, कापड झटकलं आणि एक टोक त्याच्या हातात दिलं.

"खरंच. धर नीट, घडी घालू या."

त्यानं दांडा काखेत घेतला आणि टोकाला टोक लावलं.